आईच्या रिपोर्टमध्ये 'कोलायटिस' लिहिलंय, म्हणजे कॅन्सर तर नाही ना?

नाही, कोलायटिस म्हणजे कॅन्सर नाही, आधी ते डोक्यातून काढा. मी डॉक्टर नाही हां, पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते, त्यामुळे हे शब्द रोज समोर येतात.

खरं तर कोलायटिस हे निदान अर्धवटच आहे. मूळ ग्रीक शब्द, कोलोन म्हणजे मोठं आतडं आणि शेवटी आयटिस लागलं की तिथे दाह, म्हणजे आतलं अस्तर लाल होऊन सुजलंय, बास एवढंच. गॅस्ट्रायटिस (जठराचा दाह), हिपॅटायटिस (यकृताचा दाह) पण तसेच. कुठे आणि काय ते कळलं पण कशामुळे ते नाही कळलं, ते आधी लागलेल्या शब्दात असतं आणि औषधं त्यावरच ठरतात. अमिबिक असेल तर दूषित पाण्यातून किंवा खाण्यातून अमिबा पोटात गेलाय, आव पडते, मुरडा येतो, गोळ्यांनी बरं होतं. इस्केमिक म्हणजे आतड्याला रक्त कमी पडलं, हे जास्त करून वयस्कर माणसांत. अल्सरेटिव्ह मात्र वर्षानुवर्षं चालणारा, मधे छान वाटतं मग परत उसळतो, आणि बरं वाटतंय म्हणून लोक मेसालामाइन हे त्यावरचं औषध आपल्या मनानेच बंद करतात, ते अजिबात करू नका. कॅन्सरचा धोका वाढतो तो मुख्यतः यात, तोही बरीच वर्षं झाल्यावर, म्हणून आठ-दहा वर्षांनंतर ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करून बघतात.

गंमत म्हणजे अमिबिक आणि अल्सरेटिव्ह दुर्बिणीतून कधीकधी सारखेच दिसतात, आणि अमिबा असताना अल्सरेटिव्ह समजून स्टिरॉइड दिलं तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. म्हणून आतड्याच्या अस्तराचा छोटा तुकडा घेऊन बायोप्सीला पाठवतात. बायोप्सी म्हटलं की घरचे हादरतात, पण इथे ती बहुतेक वेळा प्रकार ओळखायलाच असते. 'नॉनस्पेसिफिक कोलायटिस' आलं तर दाह दिसला पण कारण पक्कं सांगता येत नाही एवढाच अर्थ.

अजून एक, कोलेक्टमी आणि कोलोस्टमी यात फार गोंधळ होतो. एक्टमी म्हणजे कापून काढणं, ऑस्टमी म्हणजे पोटावर वाट करून देणं.

आता बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना सरळ विचारा, कोणता कोलायटिस आणि आतड्याचा किती भाग. मधेच खूप रक्त पडायला लागलं, ताप आला किंवा पोट फुगून दुखायला लागलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टीला न्या.