शब्दचर्चा: हिरोशिमाच्या शिळेवरचा कर्ता, ‘आम्ही’ की ‘आपण’?

६ ऑगस्टच्या शालेय कार्यक्रमासाठी हिरोशिमाच्या स्मारकशिळेवरील वाक्याचे मराठी भाषांतर करणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे की त्यात ‘आम्ही’ लिहावे की ‘आपण’, आणि ‘चूक’ हा शब्द तिथे फार हलका पडत नाही का. हा प्रश्न व्याकरणाचा वाटतो, पण युद्धात अण्वस्त्र वापरण्याचा दोष कोणाच्या पदरात घालायचा, हा वाद गेली सत्तर वर्षे याच वाक्याच्या कर्त्याभोवती चालू आहे.

केन्झो तांगे यांनी रचलेल्या कमानीखाली मृतांच्या नावांच्या नोंदी जपणारी दगडी पेटी आहे आणि तिच्या पुढ्यात ही शिळा आहे. १९५२ मध्ये उभारलेल्या या स्मारकासाठी हिरोशिमा विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक तादायोशी साइका यांनी जे वाक्य लिहिले, त्याचा शब्दशः अर्थ ‘कृपया शांत झोपा, कारण चूक पुन्हा करणार नाही’ असा होतो. मुळात क्रियापद सकर्मक आहे, पण कर्ता नाही. जपानीत असे वाक्य सहज खपते. इंग्रजीत ते खपत नाही, म्हणून साइकांनी स्वतः केलेल्या इंग्रजी भाषांतरात ‘आम्ही’ आला आणि ‘चूक’च्या जागी ‘ईव्हिल’, म्हणजे दुष्कृत्य, हा शब्द आला.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती राधाबिनोद पाल हिरोशिमाला गेले. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे भिन्नमतपत्र लिहिणारे हेच ते भारतीय न्यायाधीश. बॉम्ब जपान्यांनी टाकला नव्हता, मग जपानी माणसाने जपानी मृतांपुढे ही कबुली का द्यावी, असा त्यांचा आक्षेप होता. साइकांनी त्यांना निषेधाचे पत्र पाठवले आणि कळवले की हिरोशिमाचे नागरिक हे जगाचेही नागरिक आहेत आणि त्या नात्याने ते हे वचन देत आहेत. वाद मात्र तिथे मिटला नाही. जुलै २००५ मध्ये एका माणसाने छिन्नी-हातोडी घेऊन त्या शिळेवरचा नेमका ‘चूक’ हा शब्द फोडला; चूक अमेरिकेची आहे, आमची नाही, असे त्याचे म्हणणे होते. एका शब्दावर कोणी हातोडी चालवावी, इतका तो शब्द जिव्हारी लागलेला होता.

आता मराठीकडे येऊ. ‘करणार नाही’ हे रूप मी, आम्ही, आपण, तो, ती या सर्वांना चालते, त्यामुळे कर्ता गाळूनही मराठी वाक्य व्याकरणात बसते. तरीही मी तो गाळणार नाही, कारण ‘चूक झाली, पुन्हा करणार नाही’ हे आपल्याकडच्या प्रत्येक मुलाने कान धरून कधी ना कधी म्हटलेले वाक्य आहे. ते कर्त्यावाचून ऐकले की मराठी कान आपोआप ‘मी’ भरतो आणि बोलणाराच गुन्हेगार ठरतो. पालांना जे खटकले ते मराठीत दुप्पट खटकेल.

‘आपण’ तर मुळीच नको. हे वाक्य मृतांना उद्देशून आहे, आणि मराठीतला ‘आपण’ ऐकणाऱ्यालाही सामावून घेतो. शिवाय तो आदरार्थी ‘तुम्ही’च्या जागीही येतो. म्हणजे इमारती पाडून आगरोधक मोकळ्या पट्ट्या तयार करण्याच्या कामावर त्या सकाळी सव्वाआठ वाजता जी हजारो शाळकरी मुले उघड्यावर उभी होती, त्यांनाही आपण अपराधात वाटेकरी करू, किंवा ‘तुम्ही पुन्हा असे करणार नाही’ असे त्यांनाच बजावू. ‘आम्ही’ मात्र ऐकणाऱ्याला वगळतो. मृतांना दोषातून मोकळे करून शिळेपुढे उभे राहून वाचणाऱ्या प्रत्येकाला, मग तो जपानी असो, अमेरिकी असो वा भारतीय, वचनात बांधणारा हा शब्द आपल्या भाषेत तयार आहे, हे मला आपले भाग्य वाटते.

‘चूक’विषयी शिक्षिकेची शंका योग्य आहे. मूळ जपानी शब्दात नजरचुकीपासून अपराधापर्यंतचा सगळा पट्टा येतो. ‘प्रमाद’ म्हणावे, तर त्यात गाफीलपणा गृहीत असतो. ज्या कृतीसाठी १९४५च्या वसंतात अमेरिकेत समिती बसली, लक्ष्य करायच्या शहरांची यादी झाली, पुढे अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिम्सन यांच्या आग्रहावरून क्योतो त्यातून वगळले गेले, ती गाफीलपणे घडलेली नव्हती. युद्ध लवकर संपवून अधिक जीव वाचवले, हे समर्थन मला ठाऊक आहे, आणि हिरोशिमात लष्करी मुख्यालय होते हेही खरे आहे. पण १९४५ अखेरपर्यंत त्या शहरात मेलेली सुमारे १,४०,००० माणसे बहुतांशी नागरिक होती आणि ती मरणार हे ठरवणाऱ्यांना माहीत होते. साइकांनीच दुष्कृत्यापर्यंत जाण्याची मुभा दिलेली असल्यामुळे मी ‘अपराध’ लिहीन.

काही जण ‘पुन्हा होऊ देणार नाही’ असे सुचवतात. ते कानाला गोड लागते, पण त्यात आपण राखणदार होतो आणि अपराधी नेहमी दुसराच कोणी राहतो. १९७४ आणि १९९८ मध्ये पोखरणला चाचण्या केलेल्या देशाच्या नागरिकांना ही सोय घेता येणार नाही. भारताचे २००३ मध्ये जाहीर झालेले धोरण ‘प्रथम वापर नाही’ असे आहे, म्हणजे प्रत्युत्तराचा वापर त्याला मान्य आहे. शिळेवर ‘प्रथम’ नाही, ‘पुन्हा’ आहे, आणि ‘पुन्हा’मध्ये दुसऱ्याने आधी केले तर काय, याला जागाच नाही. मुलांनी हे वाक्य मोठ्याने म्हणण्यापूर्वी या दोन क्रियाविशेषणांतले अंतर त्यांना फळ्यावर लिहून दाखवावे, अशी माझी शिक्षिकेला विनंती आहे.

‘कारण’ हा शब्द ओबडधोबड वाटला तरी काढू नये, कारण मृतांची झोप त्या वचनावरच टेकलेली आहे. माझे वाक्य असे होईल: ‘शांत झोपा, कारण हा अपराध आम्ही पुन्हा करणार नाही.’