वर्गमैत्रिणींचा शोध कसा घ्यावा?

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका मराठी हायस्कुलातून आम्ही १९८४ साली एस.एस.एल.सी. (दहावी) झालो. आमच्या व्हॉट्सॲप गटात सव्वीस मुलगे आहेत, मुली मात्र तीनच. बाकीच्या कशा सापडतील, आणि मेळावा कधी घ्यावा?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : मुली हरवलेल्या नाहीत, लग्नानंतर त्यांचे आडनाव आणि बहुधा गावही बदलले, आणि आपण अजून त्यांना हजेरीपटावरच्या नावाने शोधत आहात. मुख्याध्यापकांना लेखी विनंती करून जनरल रजिस्टरमधील वडिलांचे नाव व गाव मिळते का ते पाहावे, आणि मग त्या गावी भावाच्या किंवा भावजयीच्या घरी जाऊन चौकशी करावी. कोल्हापूर, पुणे वा गोव्यात दिलेल्या माहेरवाशिणीचा ठावठिकाणा तेथे हमखास कळतो. एखादी वर्गमैत्रीण सोबत असावी, कारण अनोळखी पुरुषाला बहिणीचा क्रमांक कोण देईल? तिच्या संमतीशिवाय तो गटात घालू नये, हे सांगायला नको.

मेळाव्यासाठी १ नोव्हेंबर टाळावा. कर्नाटक राज्याच्या स्थापना दिनाची, म्हणजे राज्योत्सवाची, सुट्टी सोयीची वाटते खरी, परंतु त्याच दिवशी सीमाभागातील मराठी माणूस हा भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ काळा दिन पाळतो, आणि बेळगावात मिरवणूक व मूक फेरी यांमुळे प्रवासही अवघड होतो. गणेशचतुर्थीला बाहेरगावची मंडळी घरी येतातच, तथापि त्या दिवसांत स्त्रियांना स्वयंपाकघरातून सवड नसते. म्हणून गावची जत्रा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, लेकी परत निघण्यापूर्वी, शाळेतच जमावे.