सत्ताधाऱ्यांवर उपहास करणाऱ्या कलेचे सरकारी अनुदान थांबवता येते का?

अमेरिकेपुरते उत्तर द्यायचे, तर अनुदान मिळणे हा कोणाचाही हक्क नाही. मात्र मते आवडली नाहीत म्हणून ठरलेले अनुदान शिक्षेदाखल काढून घेणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि वादात नेमका हाच फरक हरवतो. 1998 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 1 मतांनी, राष्ट्रीय कला निधीने (कलेला अनुदान देणारी तेथील केंद्र सरकारची संस्था) अर्ज तपासताना सभ्यतेचा विचार करावा ही कायद्यातील तरतूद वैध ठरवली. परंतु अप्रिय विचार दडपण्यासाठी तिचा वापर झाल्यास प्रश्न निराळा असेल, हेही त्याच निकालात नोंदवले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कचे महापौर जुलियानी यांनी ब्रुकलिन संग्रहालयातील एका प्रदर्शनावरून शहराचे अनुदान रोखले, तेव्हा संघराज्य न्यायालयाने त्यांना मनाई केली.

राजकीय उपहासाचे ठळक उदाहरण 2017 चे आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ या नाटकाच्या प्रयोगात सीझर ट्रम्प यांच्यासारखा दाखवला होता. करदात्यांचा किती पैसा यात गेला, असा सवाल ट्रम्प यांच्या पुत्राने केला; राष्ट्रीय कला निधीने या प्रयोगाला आपला पैसा नसल्याचे स्पष्ट केले. पाठिंबा काढला तो डेल्टा आणि बँक ऑफ अमेरिका या खासगी कंपन्यांनी, ज्यांच्यावर अभिव्यक्तिस्वातंत्र्य जपण्याचे सरकारवरील घटनात्मक बंधन लागूच होत नाही. म्हणूनच सार्वजनिक निधी बंद करून कला केवळ प्रायोजकांच्या हाती सोपवावी, हा सल्ला मला घातक वाटतो. करदात्यांमध्ये सत्ताधाऱ्यांचे विरोधकही असतात, आणि तो पैसा त्यांचाही असतो.