पेगनिझम आणि विका एकच का? फरक नेमका काय?

तुम्ही विचारलंय की काही जण स्वतःला पेगन म्हणवतात, काही विकन, मग दोन्ही एकच का. एक नाही. वारकरी हिंदू असतो, पण प्रत्येक हिंदू काही वारकरी नसतो, तसंच काहीसं. पेगन म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या जुन्या देवांशी नातं सांगणारे, आणि विका हा आजच्या पेगन पंथांतला एक.

मी इंग्लंडात नोकरीला असताना माझाही हाच घोळ होता. ऑफिसातल्या एका विकन बाईंना मी विचारलं, "जूनमध्ये स्टोनहेंजला, त्या प्राचीन दगडी वर्तुळापाशी, जाणार ना?" त्या हसल्या. म्हणाल्या, "ते पांढरे झगेवाले ड्रुइड. आम्ही वेगळे." ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणारा दुसरा पेगन पंथ. नंतर एकदा त्यांच्या घरी गेलो. खिडकीपाशी छोट्या टेबलावर मेणबत्त्या, वाटीत मीठ आणि काळ्या मुठीची सुरी. हिने कापता काय, असं विचारलं तर म्हणाल्या, काहीच नाही! पूजेआधी तिच्या टोकाने आपल्याभोवती वर्तुळ आखायचं, बस. या सुरीला अथामे म्हणतात.

'पेगन' शब्दाचं मूळ लॅटिनमधलं 'पागानुस', म्हणजे खेड्यातला. पुढे रोमन साम्राज्यातले ख्रिस्ती लोक जुन्या देवांना धरून राहिलेल्यांना तसं म्हणू लागले. म्हणजे नाव दुसऱ्यांनी ठेवलेलं, आणि कौतुकाने नव्हे. आज तेच नाव लोक हौसेने लावतात. त्यात ड्रुइड आले, थोर आणि ओडिन या उत्तर युरोपातल्या जुन्या देवांना मानणारे आले, ग्रीक देवांचे भक्तही आले. या सगळ्यांचा मिळून एक ग्रंथ किंवा एक संस्थापक नाही.

विकाचा उगम मात्र बऱ्यापैकी सांगता येतो. जेराल्ड गार्डनर हा मलायात कस्टम्समध्ये नोकरी करून निवृत्त झालेला इंग्रज. ब्रिटनमधला चेटूकविरोधी जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्याचं 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक आलं. न्यू फॉरेस्ट भागातल्या एका गुप्त मंडळीने आपल्याला दीक्षा दिली, हा धर्म प्राचीन आहे, असं तो सांगे. इतिहासकारांना ते प्राचीनत्व मान्य नाही, आणि मलाही ते पटत नाही. पण नवा म्हणून खोटा, असंही मी म्हणणार नाही. देवी आणि शिंगवाला देव, वर्षाचे आठ सण, कोणाला इजा न करता हवं ते कर हा दंडक, ही विकाची ठेवण. गार्डनरच्या परंपरेत दीक्षेच्या तीन पायऱ्या असतात. आता मात्र कितीतरी जण एकटेच, दीक्षेशिवाय पाळतात.

इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात साधारण ७४ हजारांनी 'पेगन' लिहिलं आणि १३ हजारांनी 'विका'. आता यातल्या ७४ हजारांत विकन किती, हे त्या आकड्यांवरून काढता येत नाही, कारण विकन माणूस दोन्हींपैकी काहीही लिहू शकतो.

एक सांगायचं राहिलं. विकन लोक स्वतःला 'विच' म्हणवतात तेव्हा मराठीत 'चेटकीण' लिहू नका. आपल्याकडे त्या शब्दापायी बायकांनी मार खाल्लाय. आणि सैतानाचं म्हणाल तर तो ख्रिस्ती धर्मातला. विकात त्याला जागाच नाही.