शेतात पडून असलेला जुना ट्रॅव्हल ट्रेलर घ्यावा का? दुरुस्तीला सुरुवात कुठून करावी?

घ्या. पण आतल्या रंगाचा डबा आणि नवं फ्लोअरिंग आत्ताच विकत आणू नका.

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: इंडियानात एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे साठच्या दशकातला, शास्टा कंपनीचा सोळा फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (मोटारीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं छोटं घर) बरीच वर्षं उभा आहे. तो ८०० डॉलरला द्यायला तयार आहे. आत कुबट वास येतो, छताच्या कोपऱ्यांत काळे डाग आहेत, आणि हिवाळ्यात आतून रंगरंगोटी, गाद्या, फ्लोअरिंग करून उन्हाळ्यात मुलांना घेऊन निघायचा तुमचा बेत आहे. मी शेजारच्या ओहायोत राहते. आमच्याकडे १९६२ चा शास्टा आहे आणि त्याचा जवळजवळ प्रत्येक स्क्रू मी आणि माझ्या नवऱ्याने काढून पुन्हा बसवलाय. त्या अनुभवावरून सांगते की काम तुम्हाला जमेल, फक्त तुम्ही ठरवलेला क्रम नेमका उलटा करावा लागेल.

त्याचं कारण या गाडीच्या बांधणीत आहे. कारखान्यात हे ट्रेलर आतून बाहेर बांधले जायचे. लोखंडी चौकटीवर आधी प्लायवूडची जमीन, तिच्यावर आतल्या भिंती आणि कपाटं, मग त्यांच्या पाठीला लाकडी रिपांचा सांगाडा, रिपांच्या मधल्या जागेत वायरिंग आणि इन्सुलेशन, आणि सगळ्यात शेवटी बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. कपाटं आणि बाकं धरून ठेवणारे बरेचसे स्क्रू भिंतीच्या बाहेरच्या अंगाने मारलेले असतात, म्हणजे पत्रा असेपर्यंत ते दिसतही नाहीत. आतून तोडफोड करत गेलात तर चांगली कपाटं फुटतील आणि कुजलेली रीप मात्र भिंतीआड तशीच राहील. आधी पत्रा उघडला की सगळं हाताशी येतं.

आणि कुजलेल्या रिपा असणारच. छताला दिसणारे काळे डाग म्हणजे पाण्याच्या प्रवासाचा शेवट. पाणी शिरतं वरच्या लहान दिव्यांच्या बुडाशी, छतावरच्या झरोक्याच्या कडेने, खिडकीच्या वरच्या पट्टीतून, आणि सगळ्यात जास्त छत आणि बाजूची भिंत जिथे जुळतात त्या लांब ॲल्युमिनियमच्या पट्टीखालून. तिथे कारखान्यात पुट्टी भरलेली असायची. साठ वर्षांत ती दगडासारखी होते, तिला तडे जातात. पाणी रिपेवरून खाली उतरतं आणि मागच्या व पुढच्या खालच्या कोपऱ्यांत साठतं. म्हणून बघायला जाल तेव्हा एक टोच्या सोबत न्या आणि त्या कोपऱ्यांत, खिडक्यांच्या खाली, जमिनीच्या कडेने दाबून बघा. टोच्या लोण्यासारखा आत गेला तर तिथलं लाकूड संपलंय. त्यावर सुंदर रंग दिला तरी रस्त्यावरच्या पहिल्या खड्ड्याला भिंत जमिनीपासून सुटायला लागेल.

पण एवढ्यावरून घाबरून व्यवहार मोडू नका. साधारण पाऊण इंच बाय दीड इंचाच्या रिपा आणि आतल्या भिंतींचा पातळ बर्च प्लाय (बर्च झाडाच्या लाकडाचा) कुठल्याही लाकडाच्या दुकानात मिळतात. या ट्रेलरमध्ये लाकूड हीच सगळ्यात स्वस्त वस्तू आहे.

पैसे देण्याआधी मी तीन गोष्टी बघेन. पहिली, टायटल (मालकीचा सरकारी कागद) आणि नंबर. टंग, म्हणजे गाडीला जोडायचा पुढचा ए-आकाराचा लोखंडी भाग, तिथे बहुतेक वेळा नंबर कोरलेला असतो. तारेच्या ब्रशने गंज घासून तो वाचा आणि कागदावरच्या नंबराशी ताडून बघा. कागद नसेल तर तुमच्याकडे बीएमव्हीत (वाहन नोंदणी कार्यालयात) आणि आमच्याकडे काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्ट्सच्या टायटल ऑफिसात काय लागेल ते आधी विचारा. ‘बघू नंतर’ म्हणून घेतलेला कागद नसलेला ट्रेलर वर्षभर अंगणात अडकून राहू शकतो. दुसरी, खालचं लोखंड. वरवरचा गंज चालतो. पण आडवे-उभे रूळ हातोडीने ठोकल्यावर पापुद्रे सुटत असतील, विशेषतः ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) मागे आणि टंगच्या सांध्यात, तर वेल्डरचा खर्च धरूनच भाव करा. तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: खिडक्या, दार, दाराचं कुलूप, मागचे दिवे आणि मागच्या बाजूचे शोभेचे ॲल्युमिनियमचे पंख जागेवर आहेत का? यातले काही भाग आता नव्याने बनवून मिळतात, पण तुमच्याच मापाची संपूर्ण खिडकी शोधणं फार कष्टाचं असतं. मला कुजका पण सगळे भाग शाबूत असलेला ट्रेलर आणि कोरडा पण दोन खिडक्या नसलेला ट्रेलर यांत निवडायला सांगितलं, तर मी कुजका घेईन.

इथे थोडं विषयांतर. शास्टा ही कंपनी रॉबर्ट ग्रे यांनी १९४१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केली, सैनिकांच्या निवासाची सोय म्हणून. पंख पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आले. तुमच्या आसपास कोणी चकचकीत पंखवाला शास्टा ‘अस्सल जुना’ म्हणून दाखवला तर नंबर बघा, कारण २०१५ च्या सुमारास १९६१ च्या एअरफ्लाइट मॉडेलच्या हुबेहूब दिसणाऱ्या १,९४१ नव्या गाड्या काढल्या होत्या. त्या वाईट आहेत असं नाही, पण त्यांचा भाव आणि काम दोन्ही वेगळं. तुम्ही इंडियानात आहात तर एल्कहार्ट शहरातलं आरव्ही (म्हणजे अशा प्रवासी घर-गाड्यांचं) संग्रहालय जरूर बघा. तिथे १९१३ पासूनचे ट्रेलर आहेत, आणि जुने सांधे, पट्ट्या, दिवे मुळात कसे बसवलेले असतात ते तिथे डोळ्यांनी बघितलं की पुढे घरी हात चालवताना फार उपयोग होतो.

घरी आणताना त्याच्याच टायरवर ओढत आणू नका. टायरच्या बाजूला DOT (डीओटी) या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. तीनच आकडे दिसले तर ते टायर २००० च्या आधीचे. नक्षी कितीही खोल दिसली तरी ते रस्त्यावर फुटतात. सरळ सपाट ट्रकवर चढवून आणा. नंतर चाकांचे बेअरिंग काढून, धुऊन, नवीन ग्रीस भरा, पाटे तपासा, आणि इलेक्ट्रिक ब्रेक नसतील तर ॲक्सलचं काम निघालंय तेव्हाच बसवून घ्या.

आत पहिल्यांदा शिराल तेव्हा उंदरांची घरटी सापडतील, ही जवळपास खात्री. झाडू किंवा व्हॅक्युम लावू नका. इथल्या रानउंदरांच्या लेंड्यांच्या धुळीतून हंताव्हायरस पसरतो आणि तो आजार जिवावर बेततो. दारं-खिडक्या उघडून बराच वेळ हवा खेळू द्या, हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला, एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं द्रावण शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या, मग ओल्यानेच पुसून घ्या. मुलांना या टप्प्यात जवळ येऊ देऊ नका. जुना रंगही कोरडा घासू नका, १९७८ च्या आधीच्या रंगात शिसं असू शकतं. शेगडी किंवा हीटरच्या मागचा राखाडी बोर्ड आणि जुन्या फरशीचे तुकडे ॲस्बेस्टॉसची तपासणी केल्याशिवाय फोडू नका.

आता खरं काम. ट्रेलर छपराखाली घ्या, निदान भक्कम ताडपत्रीखाली. चारही बाजूंनी जॅक स्टँड (उचललेली गाडी धरणारे लोखंडी टेकू) लावून पातळीत आणा. मग काहीही काढण्याआधी फोटो काढा, अगदी प्रत्येक कोपऱ्याचे, आतून आणि बाहेरून. पट्ट्यांचे स्क्रू काढताना बरेच तुटतील, ते ठीक आहे. खिडक्या आणि दिवे काढून प्रत्येकावर जागेचं नाव लिहिलेली चिकटपट्टी लावा. पत्रा मात्र घाई न करता, कडेच्या पिना एकेक उपसत, दोन माणसांनी धरूनच उतरवा. तो कागदासारखा मुडपतो आणि एकदा पडलेली घडी पूर्ण जात नाही.

एका वेळी एकच बाजू उघडा, आणि आतली कपाटं जागेवरच राहू द्या. ही सूचना कृपया हलक्यात घेऊ नका. या गाडीचा आकार तिच्या कपाटांनी, बाकांनी आणि मधल्या आडभिंतीने धरून ठेवलेला असतो. उत्साहाच्या भरात सगळं रिकामं केलेले ट्रेलर मी बघितलेत. त्यांचा सांगाडा एका बाजूला कलतो, आणि मग काढलेला पत्रा परत घालताना दोन-दोन बोटं कमी-जास्त पडतो, दाराची चौकट तिरकी होते.

कुजलेली रीप काढायच्या आधी तिच्यावरून पुठ्ठ्यावर आकार उतरवून घ्या, विशेषतः गोल कोपऱ्यांच्या तुकड्यांचा. तो तुकडा भुसा होऊन हातात येण्याआधी त्याचा आकार वाचवायला हवा. एकेक तुकडा बदलत जा, शेजारच्या पक्क्या लाकडाला गोंद आणि स्क्रूने जोडत. जमीन कडेने कुजली असेल तर तेवढीच पट्टी कापून नवीन प्लाय बसवा आणि तिच्या कडा व खालची बाजू आधी सीलबंद करा.

सांगाडा उघडा असताना विजेचं काम करून घ्या, ही संधी पुन्हा येत नाही. त्या काळच्या अनेक ट्रेलरमध्ये दोनच पिनांची जोडणी असते आणि पत्र्याला अर्थिंग नसतं. एखादी वायर उंदराने कुरतडून पत्र्याला टेकली, तर ओल्या गवतात उभं राहून दाराला हात लावणाऱ्याला १२० व्होल्टचा झटका बसेल. सगळी वायरिंग नवीन, अर्थच्या तारेसकट, आणि पत्रा व लोखंडी चौकट दोन्ही अर्थला जोडलेले हवेत. न्यूट्रल आणि अर्थ घरच्या मुख्य पॅनेलमध्ये एकत्र बांधलेले असतात, ट्रेलरच्या पॅनेलमध्ये ते वेगळेच ठेवायचे. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. गॅसचंही तसंच: तांब्याच्या जुन्या नळ्यांची दाब देऊन चाचणी, नवीन रेग्युलेटर, आणि जुना हीटर सरळ बाहेर. २००२ पासून लहान सिलिंडर जादा भरू न देणाऱ्या व्हॉल्व्हशिवाय भरून मिळत नाहीत, त्यामुळे सोबत आलेले जुने सिलिंडर वापरायचा विचार सोडा. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून गॅसचा अलार्म जमिनीलगत लावा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा लावा.

पत्रा परत चढवताना प्रत्येक सांध्यात ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) वापरा. सिलिकॉन नको, कितीही जणांनी सुचवलं तरी. ते ॲल्युमिनियमवरून कालांतराने सुटतं, त्याचा थर पूर्ण निघत नाही, आणि उरलेल्या थरावर पुढचं कुठलंही सीलंट धरत नाही. मंगलोरी कौलांसारखं इथेही वरच्याने खालच्यावर यायला हवं, म्हणजे टेप उद्या दमली तरी पाणी बाहेरच्या बाहेर ओघळेल. स्क्रू स्टेनलेसचे, जुन्या भोकांपेक्षा किंचित जाड. टेप दाबली गेल्यावर ती कडेने बाहेर येते, दोन-तीन उन्हं खाऊ द्या, स्क्रू पुन्हा आवळा, मग जास्तीची टेप प्लॅस्टिकच्या पट्टीने कापा. त्यानंतर पाइपने पाणी मारून बघा, खालून वर, एकेक सांधा. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा. ही चाचणी पार पडली की मगच आतल्या रंगरूपाकडे वळा.

आणि आतल्या बर्चला पांढरा रंग देऊ नका, अशी माझी मनापासून विनंती आहे. त्या मधाळ पिवळ्या भिंती म्हणजेच हा ट्रेलर. त्यावर मूळ हात शेलॅकचा आहे, म्हणजे आपल्या सुतारांचा चपडा, पळस आणि कुसुमाच्या झाडांवरच्या लाखेपासून केलेला. माझे वडील सांगलीत फर्निचरला पॉलिश करायचे. इथे आले तेव्हा या भिंतींवरून हात फिरवून त्यांनी लगेच स्पिरिट आणि कापडाचा बोळा मागितला होता. चपड्याचा मोठा फायदा हा की स्पिरिटने जुना थर विरघळतो आणि नवा हात त्यात मिसळून जातो, खरवडावं लागत नाही. पाण्याचे काळे डाग जिथे उघड्या लाकडात उतरलेत तिथे ऑक्झॅलिक ॲसिडने बरेच फिके होतात (ते विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच). चपडा पाण्याने आणि गरम भांड्याने पांढरा पडतो, त्यामुळे सिंकच्या आसपास वॉर्निश लागेल. पण वॉर्निश मेण काढलेल्या शेलॅकवरच नीट धरतं, डबा घेताना ते वाचून घ्या.

वेळेबद्दल: एका हिवाळ्यात हे होणार नाही. लाकूड आणि पत्र्यालाच एक मोसम धरा, तोही शनिवार-रविवार करणाऱ्यांनी. खर्चात ८०० डॉलर हा सगळ्यात छोटा आकडा ठरेल. टायर, ब्रेक, वायरिंग आणि गाद्या प्रत्येकी त्याच्या आसपास किंवा वर जाऊ शकतात. मांडणी ठरवताना पाण्याची टाकी आणि जड सामान मागे टाकू नका. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार टंगवर यायला हवा, नाहीतर महामार्गावर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो.

हे सगळं शास्टासारख्या लाकडी सांगाड्याच्या ट्रेलरबद्दल. एअरस्ट्रीम या दुसऱ्या कंपनीच्या ट्रेलरची गोष्ट निराळी: तिथे रिव्हेट मारलेलं ॲल्युमिनियमचं कवच स्वतःच भार घेतं, आणि मागची जमीन कुजली की कवच चौकटीपासून सुटतं. पहिल्या कामासाठी मी तो सुचवणार नाही.

शनिवारी बघायला गेलात तर टंगवरचा नंबर, ॲक्सलमागचं लोखंड, आणि मागचे दोन्ही खालचे कोपरे आतून व बाहेरून, एवढे फोटो इथे टाका. ८०० योग्य आहेत की ५०० म्हणावेत, ते त्यावरून सांगता येईल.