शंका-समाधान : टांझानियातली संक्रांत

प्रश्न : माझी मुलगी टांझानियातल्या किनारपट्टीवरच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवते. सोबतच्या परदेशी शिक्षकांना तिला संक्रांतीचे तिळगूळ द्यायचे आहेत. चिक्कीचा गूळ नाही, गॅसही नाही. कसे जमेल?

उत्तर : उत्तम जमेल. टांझानियात तीळ भरपूर पिकतो. बाजारात तीळ ‘उफुता’, गूळ ‘सुकारी गुरू’ आणि शेंगदाणे ‘करांगा’ म्हणून मागावेत. सुट्या तिळात बारीक वाळू असते. दोनतीनदा रोळून धुवावेत आणि आदल्या दिवशी उन्हात कडकडीत वाळवावेत.

प्रमाण : तीळ 200 ग्रॅम, गूळ 200 ग्रॅम, दाण्याचे कूट 50 ग्रॅम, तूप 2 चमचे. लहान 40 लाडू होतील.

खरी परीक्षा पाकाची. कोळशाच्या शेगडीची आच पटकन कमी करता येत नाही, म्हणून जाड बुडाचे पातेले घ्यावे आणि गूळ विरघळताच थोडे निखारे बाजूला काढावेत. थेंब गार पाण्यात टाकून गोळी करावी. ती ताटलीत टण् वाजली की पातेले लगेच उतरवावे. मऊ पाकाचे लाडू दमट हवेत संध्याकाळपर्यंत चिकट होतात, करपलेल्या पाकाचे कडू लागतात. तीळ आणि कूट आधीच भाजून जवळ ठेवावे. मिश्रण गरम असतानाच, हाताला पाणी लावून वळावे. घट्ट झाले तर पातेले पुन्हा मंद आचेवर ठेवावे. पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करावा.

तीळ किंवा शेंगदाण्याची कुणाला अ‍ॅलर्जी आहे का, हे वाटण्याआधी प्रत्येकाला विचारायलाच हवे. तशा व्यक्तीला साधा गुळाचा खडा द्यावा, ‘गोड बोला’ म्हणावे.