सरदार पडतो आणि पंजा चाटत बसतो

प्रश्न : आमच्याकडे ‘सरदार’ नावाचा तीन वर्षांचा बोका आहे. नाव भारदस्त असले तरी स्वारीचा निम्मा दिवस धडपडण्यातच जातो. दिवाणावरून खिडकीच्या कट्ट्यावर मारलेली उडी हमखास हुकते. ताटलीचा आवाज ऐकून धावत आला, की स्वयंपाकघराच्या वळणावर घसरून थेट गव्हाच्या डब्यावर आपटतो. आणि दुपारी दिवाणाच्या काठावर झोपलेला असताना कूस बदलताच खाली येतो. मग काहीच घडले नाही अशा थाटात पंजा चाटत बसतो. मांजर नेहमी पायांवरच पडते असे ऐकत आलो आहोत. मग याचेच असे का? काही आजार तर नसेल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सरदार पिल्लू असल्यापासूनच असा आहे की हे अलीकडे सुरू झाले, हे तुम्ही लिहिलेले नाही आणि खरे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. पत्रातला कौतुकाचा सूर पाहता तो पहिल्यापासून असाच असावा, असे धरून चालतो.

पायांवर पडण्याची ख्याती खोटी नाही. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये पडत्या मांजराची एकापाठोपाठ एक छायाचित्रे घेतली. कशाचाही आधार नसताना मांजर आधी पुढचे अंग जमिनीकडे वळवते आणि मग मागचे, हे त्यांत स्पष्ट दिसते. सहा-सात आठवड्यांच्या पिल्लालाही ही कला साधलेली असते. मात्र त्यासाठी हवेत थोडा वेळ मिळावा लागतो. दीड फूट उंचीच्या दिवाणावरून गाढ झोपेत घरंगळणाऱ्या बोक्याला, आपण पडतो आहोत हे कळेपर्यंत फरशी लागलेली असते.

घसरण्याचा दोष मी सरदारापेक्षा तुमच्या फरशीला देईन. झाडाच्या सालीत रुतणारी नखे गुळगुळीत फरशीवर निरुपयोगी ठरतात, त्यामुळे वळणावर तोंड स्वयंपाकघराकडे आणि अंग डब्याकडे अशी अवस्था होते. उडीचेही तसेच, मऊ गादीवर मागच्या पायांना रेटा मिळत नाही आणि त्यात चादर सरकते. पंजा चाटण्यात ऐट नसते, गोंधळलेले मांजर अंग चाटून स्वतःला शांत करते. (दिसते ती ऐटच, हे मान्य.)

आता आजाराविषयी. आईच्या पोटात असताना पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या संसर्गजन्य आजाराच्या विषाणूची बाधा झाली, तर पिल्लाच्या लहान मेंदूची (तोल सांभाळणाऱ्या भागाची) वाढ अपुरी राहते आणि ते जन्मभर झोकांड्या खात चालते. पण हा दोष वयाबरोबर वाढत नाही आणि अशी मांजरे मजेत जगतात. सरदार सावकाश चालताना डुलत नसेल, तर ही शंका सोडून द्या. मात्र त्याचा तोल अचानक जाऊ लागला, मान एका बाजूला कलली किंवा तो मागचे पाय ओढू लागला, तर लगेच पशुवैद्याकडे न्या.

तूर्त त्या वळणावर खाली रबर असलेले पायपुसणे टाका. सतरंजी नको, ती बोक्यासकट गव्हाच्या डब्यापर्यंत जाईल.